भूत, माणूस आणि इतरांची काळजी करणारे



गेल्या हिवाळ्यात आमच्या कार्ल्सरूहेच्या मराठी मंडळींच्या बैठकीत एक छोटासा वाद झाला. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून एखादा चित्रपट पाहायचा, त्यानंतर जेवण आणि गप्पा, असा आमचा शिरस्ता आहे. मी 'तुंबाड'चं नाव सुचवलं. राही अनिल बर्वे यांचा २०१८चा हा भयपट बहुतेकांनी ऐकलेला होता, काहींनी पाहिलेलाही होता. मुलांना त्या दिवशी घरीच ठेवायचं, हेही ठरत आलं होतं. तेवढ्यात एक गृहस्थ म्हणाले, "मला स्वतःला काही होत नाही हो, मी असले सिनेमे खूप पाहिलेत. पण आपल्याकडे अंधश्रद्धा आधीच कमी का आहे? लोकांवर काय परिणाम होईल?" खोलीत बावीस जण होतो. त्यातले निदान सात-आठ जण डॉक्टरेट केलेले, बाकीचे अभियंते, दोन वैद्यकीय डॉक्टर. हे 'लोक' नेमके कोण, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. चित्रपट रद्द झाला आणि आम्ही एक जुना विनोदी चित्रपट पाहिला. तो सगळ्यांचा पाठ होता.

घरी परतताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण ज्या गावात आम्ही हे बोलत होतो, त्याच गावात या प्रश्नाचा कायदेशीर निकाल १९९२ सालीच लागलेला आहे. आणि तोही एका अगदी स्वस्तात बनवलेल्या भयपटाच्या निमित्ताने!

कार्ल्सरूहे म्हटलं की जर्मन माणसाला राजवाड्याआधी न्यायालय आठवतं. सरकारने अन्याय केला असं वाटलं की इथला माणूस "मी कार्ल्सरूहेला जाईन" असं म्हणतो, म्हणजे घटना न्यायालयात जाईन. राजवाड्याच्या बागेला लागून काचेच्या मोठाल्या भिंतींची ती बुटकी इमारत आहे. आत काय चाललंय ते बाहेरून दिसावं, अशाच विचाराने ती बांधलेली. मी कित्येक वर्षं सायकलवरून तिच्या बाजूने जात होते, पण तिथे कधी भुतांचा खटला चालला असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

चित्रपट होता सॅम रायमीचा 'द इव्हिल डेड'. जर्मनीत त्याचं नाव 'टान्त्स डेअर टॉयफेल', म्हणजे सैतानांचा नाच. १९७९च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, रानातल्या एका पडक्या लाकडी घरात त्याचं चित्रीकरण सुरू झालं. दिग्दर्शक अवघा वीस वर्षांचा. पैसे कुठून आणणार? आधी एक लघुपट करून तो ओळखीपाळखीच्या डॉक्टरांना, दंतवैद्यांना आणि छोट्या व्यावसायिकांना दाखवला आणि थोडे थोडे करून पैसे जमवले. एकूण खर्च पावणेचार लाख डॉलरच्या आसपास. हॉलिवूडच्या हिशेबात हे चहापाण्याचे पैसे. रक्त म्हणून मक्याचा पाक वापरला. महागडी यंत्रणा परवडत नव्हती, म्हणून कॅमेरा एका फळीवर बसवून दोघांनी ती फळी धरून झाडीतून धावायचं. पाच तरुण मुलं त्या घरात राहायला येतात, एक जुनी ध्वनिफीत लावतात, तीतल्या मंत्रांनी दुष्ट शक्ती जाग्या होतात आणि एकेकाला झपाटतात, एवढीच गोष्ट. पुढे याच रायमीने 'स्पायडरमॅन' केला, पण ती नंतरची गोष्ट.

या चित्रपटावरच्या प्रतिक्रिया पाहण्यासारख्या आहेत. १९८२ साली कान महोत्सवाच्या वेळी स्टीफन किंगने तो पाहिला आणि इतकी जाहीर स्तुती केली की तिच्या जोरावर चित्रपटाला वितरक मिळाले. इंग्लंडमध्ये त्याच सुमाराला घरोघरी व्हिडिओ आले होते. 'आता मुलांचं काय होणार' म्हणून तिथे गदारोळ उठला, चित्रपट 'घाणेरड्या व्हिडिओं'च्या यादीत गेला आणि १९८४ साली व्हिडिओसाठी वेगळा कायदाच झाला. जर्मनीत तो १९८४ साली आला आणि जप्त झाला. एकाच चित्रपटाला कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी हसलं, कुणी किंचाळलं आणि कुणी पोलिसांना बोलावलं. यातले पहिले तिघे चित्रपट पाहून स्वतःला काय वाटलं ते सांगत होते. चौथा दुसऱ्याला काय वाटेल ते सांगत होता.

जर्मनीतला खटला असा. दंडसंहितेच्या १३१व्या कलमानुसार माणसांवरच्या क्रूर हिंसेचं उदात्तीकरण करणारं किंवा मानवी प्रतिष्ठेला धक्का लागेल अशा रीतीने ती हिंसा दाखवणारं चित्रण हा गुन्हा आहे. वितरक कंपनीने कापलेली व्हिडिओ आवृत्ती चित्रपट उद्योगाच्या स्वयंनियंत्रण मंडळाकडे तपासणीसाठी दिली. तिथून ती सरकारी वकिलांकडे गेली आणि म्युनिकच्या न्यायालयाने ती बाजारात येण्याआधीच जप्त केली. आता अडचण अशी की या चित्रपटात बहुतेक मारहाण झपाटलेल्या प्रेतांना होते. ती माणसं आहेत का? खालच्या न्यायालयांनी सांगितलं, माणसासारखी दिसतात ना, मग कलमापुरती ती माणसंच.

२० ऑक्टोबर १९९२ रोजी घटना न्यायालयाच्या पहिल्या पीठाने हा निर्णय रद्द केला. कायद्यात 'माणूस' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ माणूस. माणसासारखी दिसणारी कल्पित भुतं त्यात ओढूनताणून बसवता येणार नाहीत. कारण कोणत्या कृत्याला शिक्षा होणार हे नागरिकाला कायदा वाचून आधी कळलं पाहिजे. दुसरं, नुसती हिंसा भरपूर आहे म्हणून मानवी प्रतिष्ठेला धक्का लागला असं होत नाही. माणसाचं माणूस म्हणून जे मोल आहे तेच नाकारण्याची वृत्ती प्रेक्षकात निर्माण व्हावी, असा त्या चित्रणाचा रोख असला पाहिजे. तिसरं, जर्मन राज्यघटनेत पूर्व-सेन्सॉरला सरळ बंदी आहे. तपासणीसाठी दिलेली फीत प्रसारित होण्याआधीच जप्त करणं हे त्या बंदीत मोडतं.

मला यातली भुतं माणसं नाहीत ही बाब मजेशीर वाटते, पण खरी किंमत दुसऱ्या मुद्द्याला आहे. न्यायाधीशांनी असं नाही म्हटलं की चित्रांचा परिणामच होत नाही. त्यांनी म्हटलं की परिणामाचं नाव घेऊन बंदी घालायची असेल तर चित्रणाचा रोख दाखवा. 'मला किळस आली' हा पुरावा नव्हे. 'दुसऱ्यावर काहीतरी होईल' हा तर नव्हेच.

पुढची हकीकतही प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मी निवडक आकडे दाखवणाऱ्या संशोधकासारखी ठरेन. जर्मन संसदेने नंतर कायदाच बदलला. १ एप्रिल २००४ पासून त्या कलमात 'माणूस' या शब्दापुढे 'माणसासारखे प्राणी' असे शब्द आले. म्हणजे आता भुतांनाही संरक्षण! ही सुधारणा मला पटत नाही. पण ती उघडपणे, शब्द लिहून, मतदान करून झाली. न्यायाधीशाने गुपचूप शब्द ताणण्यापेक्षा हे केव्हाही बरं. आणि त्या चित्रपटाचं काय झालं? मूळ न कापलेल्या आवृत्तीवरची जप्ती २०१६ साली उठली. त्यानंतर तपासणी मंडळाने तो सोळा वर्षांवरच्या मुलांना पाहायला योग्य ठरवला. एका पिढीला ज्याच्यापासून वाचवायचं म्हणून सरकारी वकील धावले, तो पुढच्या पिढीतल्या अकरावीतल्या मुलाने पाहिला तरी चालेल असं ठरलं. मधल्या काळात जर्मन तरुण बिघडले की सुधारले, हे मोजायला कुणी गेलं नाही.

असो. आता आपल्याकडे वळते.

मंडळात रद्द झालेला 'तुंबाड' मी जानेवारीत घरी लावला. तीन कुटुंबं आली, सगळे प्रौढ. ज्यांना हा चित्रपट ठाऊक नाही त्यांच्यासाठी: १९१८ ते १९४७ या काळात, कोकणातल्या पावसाने कुजलेल्या तुंबाड गावात एका वाड्याच्या पोटात पुरलेल्या खजिन्याची आणि त्याच्यापायी पिढ्यान्‌पिढ्या हावरट होत गेलेल्या माणसांची ही कथा. बर्वे यांच्या डोक्यातलं बीज नारायण धारपांच्या एका कथेतलं, आणि त्या कथेचं मूळ पुन्हा स्टीफन किंगच्या कथेत. म्हणजे ज्याने रायमीला पहिली टाळी दिली तोच माणूस इथेही भेटतो. गावाचं नाव तर श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या १९८७च्या कादंबरीमुळे आपल्या पिढीच्या ओळखीचं. निर्माते मिळेनात, पुन्हा चित्रण करावं लागलं, पावसाळ्यामागून पावसाळे गेले, तेव्हा तो पुरा झाला. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा तो उद्घाटनाचा चित्रपट ठरला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो भारतात लागला तेव्हा चित्रपटगृहांत बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. मधल्या सहा वर्षांत कुठलीही मोठी जाहिरात त्याच्यासाठी धावली नव्हती. पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांना सांगितलं, एवढंच.

आमच्या बैठकीच्या खोलीत काय झालं? एक मैत्रीण पहिल्या वीस मिनिटांत उशी तोंडावर धरून बसली आणि म्हातारीचा प्रसंग संपेपर्यंत तिने ती काढली नाही. एका गृहस्थांना भुतापेक्षा मुलाने बापाकडून हाव शिकणं जास्त भयंकर वाटलं; ते त्यानंतर बराच वेळ गप्प होते. एकीचा आक्षेप होता की सगळी माणसं मराठी, वाडा मराठी, पाऊसही मराठी, मग बोलतात हिंदी का? हा आक्षेप मला रास्त वाटतो. मराठीत भयकथेची परंपरा धारपांनी, मतकरींनी एवढी समृद्ध केली असताना तिच्यावरचा सर्वांत गाजलेला चित्रपट हिंदीत व्हावा, याचं वाईट वाटतं. आणखी एकजण म्हणाले, बायका यात नुसत्या सोसायला आहेत. हेही खरं आहे.

आणि एका संगणक अभियंत्याने विचारलं, "हा हस्तर कुठल्या पुराणात आहे?" त्याने तिथल्या तिथे फोनवर शोधलं. पुराणात सापडला नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला सांगितलेली देवीची आणि तिच्या हावरट पुत्राची कथा रचलेली आहे. नावाशी जुळतं नाव सापडलं ते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्सच्या कथेत.

मंडळातले ते गृहस्थ इथे असते तर म्हणाले असते, पाहा, शिकलेला माणूस खोटं पुराण खरं मानायला निघाला होता! मला उलट वाटतं. त्याने पुरावा मागितला, शोधला, नाही म्हणून समजल्यावर हसला आणि भजी खाल्ली. सत्यनारायणाच्या पोथीत प्रत्येक अध्यायाशेवटी स्कंदपुराणाचं नाव येतं. त्याची खातरजमा करायला आमच्यापैकी कुणी पूजेत बसल्या बसल्या फोन काढल्याचं मी पाहिलेलं नाही. गोष्ट म्हणून सांगितलेल्या खोट्याला आपण लगेच प्रश्न विचारतो. श्रद्धा म्हणून सांगितलेल्याला विचारत नाही.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण त्याशिवाय हे लिखाण अप्रामाणिक होईल. कॉलेजात असताना मी विवेकवादी शिबिरांना जात असे. त्या वेळी दूरचित्रवाणीवर भुताच्या मालिकांचं पेव फुटलेलं. त्या बंद कराव्यात म्हणून मी बस स्टँडवर उभं राहून सह्या गोळा केल्या आहेत. एका म्हातारीने सही करायला नकार दिला. म्हणाली, "अगं पोरी, टीव्हीतलं भूत बटण दाबलं की जातं. आमच्या गावातला देवरुषी कुठलं बटण दाबलं की जाईल ते सांग." मी तेव्हा हसले. मनात म्हटलं, अशिक्षित बाई. आज वाटतं, आमच्या शिबिरातल्या दोन दिवसांच्या व्याख्यानांचं सार तिने एका वाक्यात सांगितलं होतं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी अठरा वर्षं झगडा केला, तो नीट वाचा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत काय आहे? भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने, साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवून पैसा उकळणं. दैवी शक्तीची धमकी देऊन घबराट पसरवणं. सगळ्या कृती आहेत. जिवंत माणसाने जिवंत माणसावर केलेल्या, त्याचं नुकसान करणाऱ्या. भुतावर विश्वास ठेवणं हा त्यात गुन्हा नाही, भुताची गोष्ट सांगणं तर नाहीच. हा काटेकोरपणा कायद्याचा कच्चा दुवा आहे असं मानणारे आपल्यात आहेत. मला वाटतं त्याचं सगळं बळ तिथेच आहे. घटना न्यायालयाने 'माणूस' या शब्दावर जो आग्रह धरला, तोच इथे 'कृती' या शब्दावर आहे.

तरीही २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली तेव्हा, कोकणाची बदनामी होते आणि अंधश्रद्धा वाढते म्हणून ती बंद करा, अशी मागणी झाली. अस्मितावाले आणि पुरोगामी एका रांगेत उभे! ही रांग पाहिली की मला धोक्याची घंटा ऐकू येते. 'घाशीराम कोतवाल' बंद पाडायला निघालेलेही हेच म्हणत होते: आम्हाला कळतं हो हे नाटक आहे, पण लोकांना काय वाटेल? हत्यार तेच, हात तेवढे वेगळे.

प्रेक्षक कोण समजायचा, याचं उत्तर आपल्याकडेही फार पूर्वी दिलं गेलं आहे, आणि ते नागपुरात. १९४६ साली भगवती चरण शुक्ल खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगितलं की छापील मजकुराचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने. जागोजागी धोका दिसणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे. जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानींच्या 'तमस' मालिकेवर स्थगिती आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी ती मालिका पाहिली. आणि स्थगिती उठवली. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा निर्णय कायम केला, तेव्हा नागपूरचं तेच माप वापरलं. दंगलीची भीती दाखवणाऱ्यांना त्या दोघांचं उत्तर होतं: आधी पाहू तर खरं.

याचा अर्थ जे जे निघेल त्याचं कौतुक करायचं असा नाही. 'इव्हिल डेड'मध्ये झाडांकरवी मुलीवर अत्याचाराचा एक प्रसंग आहे. तो मला असह्य वाटला. खुद्द रायमीनेही पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच्यावर लिहावं, भांडावं, चित्रपट अर्ध्यावर सोडून उठावं. हाही प्रेक्षकाचा हक्कच आहे, आणि मी तो बजावला. मुलांचा प्रश्नही वेगळा. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला मी 'तुंबाड' दाखवलेला नाही आणि इतक्यात दाखवणारही नाही. पण ती माझी मुलगी आहे. बैठकीतले एकवीस प्रौढ लोक माझी मुलं नाहीत.

व्यवसायाने मी मोजमाप करणारी बाई. प्रयोगशाळेत कुणी "याचा परिणाम होतो" म्हटलं की आम्ही विचारतो, कशावर, किती, आणि कशाच्या तुलनेत? चित्रपट रद्द करताना यातला एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. बावीस सुशिक्षितांनी, पैकी निदान सात-आठ संशोधकांनी, एका न पाहिलेल्या प्रेक्षकाच्या न मोजलेल्या परिणामाला घाबरून निर्णय घेतला. माझी डॉक्टरेट त्या दिवशी खुंटीला टांगलेली होती. न दिसणाऱ्या, कुणी न पाहिलेल्या गोष्टीला घाबरून वागणं, यालाच आपण अंधश्रद्धा म्हणत आलो ना?

या वर्षीच्या बैठकीत मी 'तुंबाड'चं नाव पुन्हा सुचवणार आहे. कुणी म्हणालं, "मला आवडत नाही," तर मी दुसरा चित्रपट शोधेन. कुणी म्हणालं, "मला भीती वाटते," तर शेजारी बसेन आणि उशी देईन. पण कुणी "लोकांना" म्हणालं, तर या वेळी विचारणार आहे: कोण लोक? त्यांना बोलवा, त्यांनाच विचारू.

आपले अनुभव जरूर कळवा. विरोधी मत असेल तर आधी.